उठू पाहणारी स्त्री : माती ते ब्राँझ, प्रकल्प नोंदी

४ जून

जमिनीवर बसलेली वृद्ध स्त्री उठताना एक तळहात जमिनीवर टेकवते, एक गुडघा वर घेते, आणि कंबर जमिनीपासून सुटण्याच्या क्षणी तिचे जवळजवळ सगळे वजन त्या तळहातावर आणि विरुद्ध बाजूच्या पावलावर येते. या क्षणाचे शिल्प करायचे ठरवले आहे. घडण मातीत होईल, अंतिम माध्यम ब्राँझ असेल आणि उंची ८० सें.मी.च्या आसपास राहील.

माध्यम विषयामुळेच ठरले. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून हेच शिल्प दगडात करायचे तर पोटाखाली खांब ठेवावा लागला असता. ग्रीक ब्राँझ शिल्पांच्या ज्या संगमरवरी प्रतिकृती रोमन काळात झाल्या, त्यांच्यात पायाशेजारी झाडाचा बुंधा किंवा हात आणि मांडी यांना जोडणारी दगडी पट्टी दिसते, ती याच कारणाने. धातूला अशा टेकूची गरज पडत नाही. माझ्या शिल्पात कंबरेखालची मोकळी जागा हाच विषयाचा गाभा आहे. ती भरली तर ती स्त्री बसलेलीच राहील.

९ जून

सांगाडा तयार झाला. जाड फळीवर बसवलेली लोखंडी नळी मागच्या बाजूने कंबरेत शिरते आणि तेथून अॅल्युमिनियमच्या तारा मणका, मान, हात व पाय यांच्याकडे जातात. नळी खालून आणणे सोपे होते, पण मग जी जागा मोकळी ठेवायची तीच अडली असती. छाती आणि ओटीपोट यांच्या आत लाकडी पट्ट्यांच्या लहान फुल्या बारीक तारेने टांगल्या आहेत, म्हणजे ओली माती आपल्या वजनाने खाली घसरू लागली तरी फुल्यांवर अडून राहील. हातापायांच्या तारा मुद्दाम वाकण्याजोग्या ठेवल्या आहेत, कारण सुरुवातीच्या काळात कोन पुष्कळ बदलतात आणि ताठ सांगाडा शिल्पकाराला पहिल्याच कल्पनेशी बांधून ठेवतो.

१६ जून

आज फक्त तीन मोठी आकारमाने मांडली: बरगड्यांचा पिंजरा, ओटीपोट आणि डोके. या तिन्हींचे अक्ष निरनिराळ्या दिशांना वळलेले आहेत, आणि उठण्याची क्रिया पाहणाऱ्याला जाणवते ती या वळणांतून. नाक, डोळे, बोटे यांचा त्यात अजून काहीही वाटा नाही.

मॉडेल म्हणून येणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत. ही मुद्रा कोणालाही धरून ठेवता येण्यासारखी नाही, म्हणून तसे करायला मी त्यांना सांगत नाही. त्या बसतात, आपल्या सवडीने उठतात, आणि मी जागा बदलत भराभर रेखाटने करते. छायाचित्रांचा उपयोग पडताळणीपुरता ठेवला आहे. भिंग जवळचा तळहात मोठा आणि दूरचे डोके लहान करून दाखवते, आणि त्यावरून घेतलेली मापे मातीत खोटी पडतात.

गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो तळहात आणि पाऊल यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित मागे पडतो. याचा अर्थ असा की ती अजून उठलेली नाही आणि या घटकेला पुन्हा मागे बसूही शकते. ओळंबा थोडा पुढे आणला की उठणे निश्चित होते आणि शिल्पातला सगळा प्रयत्न संपतो. मला तो मागेच हवा आहे.

२७ जून

वजन घेणारा खांदा. हात खाली दाबला गेला की धड त्या हातापासून जणू टांगले जाते: खांदा कानाकडे चढतो, कॉलर बोन तिरके होते, आणि स्कंधास्थी, म्हणजे पाठीवरचे त्रिकोणी चपटे हाड, कातडीखालून स्पष्ट वर येते. तरुण शरीरात हे सगळे स्नायूंनी झाकलेले असते. वृद्ध शरीरात हाडे आपली कामे उघडपणे करताना दिसतात, आणि हा विषय निवडण्याचे माझ्यापुरते खरे कारण तेच आहे. या खांद्याविषयी मला कीव निर्माण करायची नाही. त्याच्यातले बळ दाखवायचे आहे.

कोपर पूर्ण ताठ आहे. म्हातारपणी माणूस दंडाच्या स्नायूंवर भार कमी टाकतो आणि सांधा कुलूपबंद करून हाडांवर उभा राहतो. मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळलेले आहे, त्यामुळे तळहाताच्या मागच्या बाजूला कातडीच्या आडव्या घड्या पडतात. बोटे पसरतात आणि अंगठा बराच दूर जातो. दुसरा हात अजून नुसती तार आहे, आणि तो काय करतो हे मला दिसेपर्यंत तसाच राहील.

३ जुलै

पाणी फवारून, ओले कापड गुंडाळून वर प्लास्टिक बांधले. माती सुकताना आक्रसते आणि आतला सांगाडा आक्रसत नाही. त्यामुळे एकदा का ती सुकू लागली की प्रथम बोटे आणि नंतर सांध्यांच्या जागा तडकतात. कापड चेहऱ्याला चिकटू नये म्हणून कपाळात आणि खांद्यांत काड्या खोचल्या आहेत.

११ जुलै

ही नोंद सविस्तर लिहून ठेवते, कारण या प्रकल्पातील पुढचा प्रत्येक निर्णय हिच्यावर अवलंबून आहे.

माती फिकी आणि निस्तेज असते. तिच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो, त्यामुळे उजेड आणि सावली यांच्यामधल्या असंख्य छटा डोळ्यांना मिळतात आणि गालावरचा अगदी उथळ खळगाही कोमलपणे जाणवतो. ब्राँझ गडद असते आणि चकाकते. त्याच्यावर उंचवट्यांच्या माथ्यावर तीव्र झळाळी येते, खोलगट भाग एकदम काळोखात जातो आणि मधल्या छटा बहुतांशी नाहीशा होतात. मातीत जे शिल्प मऊ आणि पूर्ण दिसते, ते ब्राँझमध्ये पुष्कळदा गुळगुळीत आणि अर्थहीन दिसते, याचे कारण ओतकामात नसते. आकार मातीच्या प्रकाशात ठरवले गेले आणि धातूच्या प्रकाशात पाहिले गेले, हे असते.

म्हणून हल्ली मी दिवसाचे काम संपल्यावर खोलीतले सगळे दिवे बंद करते, एकच प्रखर दिवा बाजूने लावते आणि शिल्पावर भरपूर पाणी फवारते. ओली माती काही मिनिटे चकाकते आणि तेवढ्या वेळात ब्राँझचा अंदाज येतो. आज या पाहणीत तीन गोष्टी दिसल्या. पाठीवरच्या बारीक सुरकुत्या, ज्यांवर मी बरेच काम केले होते, त्यांच्यातून नुसता चकाकत्या ठिपक्यांचा गोंधळ उभा राहतो आणि त्याखालचा स्कंधास्थीचा मोठा उतार हरवतो. त्या काढून टाकल्या. जबड्याखालची सावली पुरेशी खोल आहे, पण तिची कड ढिली आहे. आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूवरून एक झळाळी गुडघ्यापर्यंत अखंड वाहते, तीच वर उचललेल्या नडगीवर मात्र तुटते. ती तुटू नये, कारण वर उठण्याची दिशा डोळा त्या झळाळीच्या रेषेवरूनच वाचणार आहे.

पृष्ठभागाविषयीचा निर्णयही यातूनच झाला. मातीची लहान गोळी अंगठ्याने दाबून लावताना तिची जी कड उमटते, ती मी भार घेणाऱ्या भागांवर तशीच ठेवणार आहे. ब्राँझमध्ये अशी कड एक लहानशी झळाळी पकडते आणि त्या जागी हाताने दाब दिला होता हे धातूतही कळते. पोट आणि सैल लोंबणारे वस्त्र मात्र कोरणीने शांत करायचे.

१९ जुलै

काम पाहायला आलेल्या एका स्नेह्यांनी विचारले की, जमिनीवर टेकलेला तळहात इतका अवघड जात असेल तर बाईंच्याच हाताचा प्लास्टरमध्ये साचा का घेत नाही. प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याचे उत्तर स्वतःसाठीही लिहिणे आवश्यक वाटते. फ्रेंच शिल्पकार रोदँचे 'कांस्ययुग' हे शिल्प १८७७ साली प्रदर्शित झाले, तेव्हा ते जिवंत माणसावरून साचा घेऊन केले असल्याचा आरोप त्याच्यावर झाला आणि तो खोडून काढण्यासाठी त्याला मॉडेलची छायाचित्रे काढून घ्यावी लागली. त्या काळात अशा साच्याकडे लबाडी म्हणून पाहिले जाई. माझा आक्षेप वेगळा आहे. साचा घेताना हात स्थिर ठेवावा लागतो आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तसाच ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात भार घेण्याचा प्रयत्न सुटतो, वरून पडणाऱ्या प्लास्टरच्या वजनाने मांस दबते आणि हाती येते ती थकलेल्या हाताची अचूक नोंद. कातडीचे प्रत्येक छिद्र त्यात असते, पण जोर त्यात नसतो. मला तळहाताची बाहेरची कड प्रत्यक्षापेक्षा थोडी रुंद आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा अधिक दबलेला करावा लागला आहे, तेव्हा कुठे तो हात जमिनीला ढकलताना दिसू लागला.

३० जुलै

दुसरा हात सापडला. बाई उठताना तो हात गुडघ्यावर ठेवत नाहीत, हवेत किंचित पुढे धरतात, बोटे अर्धवट मिटलेली, जणू आधाराला काही मिळाले तर घ्यावे म्हणून. त्या हातामुळे संपूर्ण रचनेची पुढची सीमा बदलली. मोहेंजोदडोची नर्तकी अवघी १०.५ सें.मी. उंच आहे, पण कमरेवर ठेवलेला हात आणि धड यांच्यामध्ये तिने जी रिकामी जागा धरली आहे, तिच्यावर सगळी मूर्ती उभी आहे. ती मेणापासून ओतलेली आहे, म्हणजे मेणाच्या मूर्तीभोवती साचा करून, मेण वितळवून काढून त्या जागी धातू भरलेला आहे. मोकळ्या अवयवांचे हे स्वातंत्र्य मेण आणि ब्राँझ यांच्या जोडीने शिल्पकाराला साडेचार हजार वर्षांपूर्वीच दिले होते.

१२ ऑगस्ट

मातीचे काम थांबवले. माती ओली आहे तोवर तिच्यात बदल करता येतो, आणि म्हणूनच तिला स्वतःचा असा शेवट नसतो. तो बाहेरून आणावा लागतो. माझा निकष एवढाच होता की चकाकत्या प्रकाशात चारही बाजूंनी पाहताना कोणत्याही बाजूने ती स्त्री बसलेली वाटू नये.

या टप्प्यावर मला फ्रेंच चित्रकार आणि शिल्पकार देगाची नेहमी आठवण होते. चौदा वर्षांच्या लहान नर्तकीची मेणाची मूर्ती त्याने १८८१ साली प्रदर्शित केली, त्यानंतर आपले दुसरे कोणतेही शिल्प लोकांपुढे ठेवले नाही, आणि १९१७ साली त्याचा मृत्यू झाल्यावर मेण व माती यांच्या सुमारे १५० आकृत्या त्याच्या स्टुडिओत सापडल्या. आज संग्रहालयांत दिसणारी त्याची ब्राँझ शिल्पे त्याच्या मागे ओतली गेली. त्यांचे रंग, त्यांची चकाकी, आधारांचे काय करायचे, हे सगळे इतरांनी ठरवले. ती शिल्पे मला अतिशय प्रिय आहेत, तरीही ती पाहताना देगा कोठे संपतो आणि ओतारी कोठे सुरू होतो हे शोधत राहावे लागते. माती ते धातू या प्रवासात आकार निदान चार वेळा देह बदलतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी निर्णय घेत असते. ते निर्णय मला स्वतः घ्यायचे आहेत.

१८ ऑगस्ट

वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडून टाकायचा प्लास्टरचा साचा, घातला. पत्र्याच्या पातळ पट्ट्या मातीत खोचून साच्याचे भाग पाडले आणि प्लास्टरचा पहिला पातळ थर रंग मिसळून दिला, म्हणजे पुढे छिन्नीने साचा फोडताना रंगीत थर दिसताच आतला आकार जवळ आल्याचे कळते. माती काढून घेताना शिल्पाचे मूळ रूप कायमचे नष्ट झाले. साच्यात साबणाचे पाणी फिरवून प्लास्टर भरले.

२६ ऑगस्ट

साचा फोडून प्लास्टरची प्रत बाहेर आली. पांढऱ्या प्लास्टरमध्ये सावल्या फिक्या पडतात आणि आकारांमधले दुबळेपण निष्ठुरपणे दिसते. मला हा टप्पा अत्यंत मोलाचा वाटतो. रबराचा साचा थेट मातीवर घेण्याची पद्धत आता सर्वत्र आहे आणि ती जलद आहे, पण तीत प्लास्टरवर काम करण्याची संधी मिळत नाही. माती ओढली जाते, दबते, तिच्यात भर घालता येते. प्लास्टर तासता येते, कानशीने घासता येते, आणि त्याच्यात कडा निर्णायक होतात. नडगीची कड आणि कपाळाची बाजू आज कानशीने पक्की केली. मातीत मला हा ठामपणा साधत नव्हता.

९ सप्टेंबर

प्लास्टरवर सिलिकॉन रबराचा साचा आणि त्याला बाहेरून प्लास्टरचे कवच, असे काम पूर्ण झाले. साच्यात वितळलेले मेण फिरवून थर चढवले. जाडी सर्वत्र ५ मि.मी.च्या आसपास ठेवली आहे. ब्राँझच्या भिंतीची जाडी म्हणजे मेणाचीच जाडी. महाराष्ट्रातील दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या जागी १९७४ साली सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा भरीव आहेत, चोळकालीन मूर्तीही भरीव आहेत. पण आकार मोठा होत गेला की भरीव धातूचा गाभा आणि पृष्ठभाग वेगवेगळ्या वेगाने थंड होतात, आक्रसताना पृष्ठभाग आत ओढला जातो किंवा तडकतो, आणि वजन तर आवाक्याबाहेर जाते. मोठे शिल्प पोकळ करावे लागते ते यासाठी.

१७ सप्टेंबर

मेण दुरुस्त केले. साच्याच्या जोडांच्या रेषा काढणे एवढेच हे काम आहे असे मानले जाते, पण मेण हे स्वतंत्र माध्यम आहे. इटालियन शिल्पकार मेदार्दो रोस्सो याने प्लास्टरवर मेण चढवलेली शिल्पे पूर्ण कलाकृती म्हणून मांडली, आणि त्या अर्धपारदर्शक चेहऱ्यांकडे पाहिले की त्याचे म्हणणे पटते. गरम पात्याने बोटांच्या टोकांचे स्पर्श मी नव्याने केले. प्लास्टरमध्ये ते थोडे कोरडे झाले होते. पापण्या आणि ओठांची मिटलेली रेषाही मेणातच ठरली.

धातू किती लागेल याचा हिशेब मेण तोलून करतात. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त मेणाच्या मूर्तीपासून ओतकाम करण्याचा जो विधी सांगितला आहे, त्यातही मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढलेले आहे. ब्राँझ मेणापेक्षा साधारण नऊ ते दहा पट जड असते. रनर (धातू आत नेणाऱ्या मेणाच्या कांड्या) आणि हवेच्या वाटा धरून माझे मेण सुमारे ७ किलो भरते, म्हणजे मुशीत ७० किलोंची तयारी हवी.

२ ऑक्टोबर

शिल्पाचे तीन भाग केले: धड व डोके, भार घेणारा हात, आणि पुढे धरलेला हात. धातू वाहून नेणाऱ्या मेणाच्या कांड्या जोडताना ओतारी आणि मी बराच वेळ चर्चा केली. धातू जाड भागाकडून पातळ भागाकडे वाहिला पाहिजे, हवेला सर्वांत उंच टोकातून बाहेर पडता आले पाहिजे, आणि कांडी ज्या जागी जोडली जाते तेथला मूळ पृष्ठभाग पुढे घासला जाणार हे लक्षात ठेवले पाहिजे. त्यामुळे खांद्याच्या पाठीमागच्या बाजूला, अंगठ्याच्या ठशांवर, एकही कांडी येऊ दिली नाही. त्या वस्त्राच्या शांत भागावर घेतल्या.

आता सिरॅमिक शेल, म्हणजे मेणाभोवतीचे उष्णता सोसणारे कवच, चढत आहे. सिलिकाच्या घोळात मेण बुडवायचे, त्यावर सिलिकाची रेती चढवायची, वाळू द्यायचे आणि पुन्हा बुडवायचे. पहिला घोळ सर्वांत बारीक असतो, कारण धातूवर बोटाचा ठसा उमटणार की नाही हे तोच ठरवतो.

१५ ऑक्टोबर

मेण काढले. तापताना मेण शेलपेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून हळूहळू तापवले तर शेल फुटते. एकदम प्रखर उष्णता दिली की बाहेरचा थर प्रथम वितळून वाहून जातो आणि आतल्या मेणाला पसरायला जागा मिळते. शेल भाजून घेतले. ओलाव्याचा अंशही राहता कामा नये, कारण वितळलेल्या धातूखाली त्याची वाफ होऊन स्फोट होऊ शकतो.

१६ ऑक्टोबर

ओतकाम. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. दहा टक्के कथील मिसळलेले ब्राँझ सुमारे १००० अंशांनाच पूर्ण वितळते आणि अधिक सहजपणे वाहते. ओतताना तापमान ११०० ते ११५० अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते, म्हणजे धातू बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी गोठत नाही आणि अति तापून वायूही शोषून घेत नाही. मुशीवरचा मळ बाजूला सारला आणि धातू तापलेल्या शेलमध्ये धार न तोडता ओतला. सगळ्या वाटांतून धातू वर आला.

२९ ऑक्टोबर

शेल फोडून तिन्ही भाग मोकळे केले. आक्रसण्यामुळे शिल्प प्लास्टरपेक्षा सुमारे दोन टक्के लहान झाले आहे, ८० सें.मी. उंचीत हे दीड सें.मी.हून थोडे अधिक भरते, आणि मापाने समजण्यापूर्वी ते एक प्रकारच्या घट्टपणातून जाणवते. काखेत, जाड आणि पातळ भिंती मिळतात तेथे, बारीक छिद्रे पडली होती. ती त्याच मिश्रधातूच्या काडीने वेल्ड करून भरली. हात जोडल्यानंतर वेल्डची रेषा छिन्नीने आणि ठोकणीने अशी मोडायची की शेजारच्या पृष्ठभागाची चाल तिच्यावरून पुढे जावी. नुसते घासून गुळगुळीत केले तर तेथे एक मेलेला पट्टा राहतो आणि कोणताही रंग त्याला झाकत नाही. भार घेणाऱ्या खांद्यावरचा जोड मी स्वतः केला.

१४ नोव्हेंबर

पॅटिना, म्हणजे ब्राँझच्या पृष्ठभागावर रसायनांनी आणायचा रंग. पृष्ठभाग ज्योतीने तापवून, पाण्याचा थेंब उडू लागला की, रसायन ब्रशने चढवतात. पोटॅशियम सल्फाइडच्या द्रावणाने गडद तपकिरी ते काळा, फेरिक नायट्रेटने तांबूस तपकिरी आणि कॉपर नायट्रेटने हिरवट निळा रंग येतो. हिरवा मी घेतला नाही. तो जुनेपणाचा आव आणतो, आणि प्राचीन ब्राँझ शिल्पे घडली तेव्हा हिरवी नव्हतीही: १९७२ साली इटलीतील रियाचेजवळ समुद्रात सापडलेल्या दोन ग्रीक योद्ध्यांचे ओठ तांब्याचे केलेले आहेत, ते धातूच्या ताज्या रंगावर उठून दिसावेत म्हणूनच. पातळ गडद थर देऊन तो उंचवट्यांवरून घासून काढला, त्यावर फेरिक नायट्रेटचे अगदी विरळ हात दिले आणि शिल्प गरम असतानाच मेण लावले. स्कंधास्थीच्या उतारावर झळाळी आता सलग वाहते, आणि जुलैमध्ये नडगीवर तुटणारी रेषा पावलापर्यंत पोहोचते.

२३ नोव्हेंबर

बैठकीची उंची २० सें.मी. ठेवली. डोळ्यांच्या पातळीवर ठेवले तर पाहणाऱ्याला प्रथम चेहरा दिसतो. खाली ठेवले की प्रथम पाठ आणि तळहात दिसतात आणि चेहऱ्याकडे वळण्यासाठी त्याला स्वतः वाकावे लागते. तळहाताखालचा पृष्ठभाग बैठकीचाच आहे, वेगळा उंचवटा नाही.

फ्रान्समध्ये मूळ ब्राँझ म्हणून बारा प्रतींची मर्यादा मानली जाते, आठ क्रमांकित आणि चार कलावंताच्या. मी या शिल्पाच्या चारच प्रती काढणार आहे, कारण प्रत्येक मेणावर आणि प्रत्येक जोडावर स्वतः काम करणे त्याहून अधिक प्रतींना शक्य होणार नाही. रबराचा साचा कवचात बांधून, वजन न पडेल असा आडवा ठेवला आहे. दुसऱ्या प्रतीचे मेण जानेवारीत ओतायचे. त्यात पुढे धरलेल्या हाताची मधली दोन बोटे किंचित अधिक उघडून पाहायची आहेत.